अक्का, पासवर्ड बदललास होय?

अक्का, तुझा पासवर्ड चालत नाही.

तो मीच तुला करून दिला होता. तुझ्या सुनीलचं नाव आणि पुढे दुकानाचा जुना टेलिफोन नंबर. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो हे मी तुला बजावलं, आणि दुसऱ्याच दिवशी तू तो दुकानातल्या कॅलेंडरवर मार्करनं लिहून ठेवलास, देवीच्या चित्राखाली, पार्सलवर पत्ता घालावा तसा ठळक. तेव्हापासून तो सगळ्या गल्लीला पाठ. फॉल आणि अस्तर न्यायला येणाऱ्या टेलरमास्तरांना, लेसचे नमुने दाखवणाऱ्या एजंटाला, समोरच्या किराणावाल्याला. तुझं तेरावं झाल्यावर सुनीलनं दुकानाच्या फोनची वायर काढून त्याच्या लॅपटॉपला जोडली, सगळ्यांच्या देखत मी तो पासवर्ड टाइप केला, आणि स्क्रीनवर तांबडी ओळ आली. पासवर्ड चुकीचा आहे. मोठ्या अक्षरांत करून बघितला. लहान अक्षरांत करून बघितला. तीच ओळ.

"हिला ठाऊक असंल," अप्पा म्हणाले. "हिनंच शिकवलंय न्हवं अक्काला."

वडलांचं ऐकूनच मीही तुला आत्या न म्हणता अक्का म्हणत आले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळ्यांनी एकदम बघितलं की मी काय करते ते तुला ठाऊक आहे. पायाच्या अंगठ्याकडे बघते. "आमच्या पुट्टीला तीन भाषा येतात, आणि तिन्ही भाषांत ती गप्प बसते," असं तू पाहुण्यांना सांगायचीस. ते हसायचे. मलाही हसू यायचं, पण नंतर, एकटी असताना.

त्या वेळी मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. ज्या बाईनं आयुष्यात एक गोष्ट पोटात ठेवली नाही, तिनं पासवर्ड बदलला कधी? कुणी बदलून दिला? आणि मी, जिनं तुला बोट धरून 'ॲट' चं चिन्ह कुठे असतं ते दाखवलं, त्या मला सांगितलंही नाहीस?

तू गेलीस त्याबद्दल बोलायला अजून जमत नाही. तेव्हा पासवर्डबद्दलच भांडते. तुला चालेल. आपलं भांडण अर्धंच राहिलं आहे.

आपल्या घरात पत्र कुणा एकाचं नसायचं, तिथून हे सगळं सुरू होतं. पोस्टमन पत्र दुकानात टाकायचा. नाव कुणाचंही असो, गल्ल्यावर जो बसला असेल तो फोडायचा आणि उभ्यानं, मोठ्यानं वाचायचा. मला शाळेतल्या मैत्रिणीनं सुट्टीत बेळगावहून पत्र पाठवलं होतं, तेही तू असंच वाचलंस, इंग्रजी शब्दांना अडखळत, बटणं निवडायला आलेल्या दोन बायकांसमोर. त्यातल्या एकीनं मला सल्लाही दिला. वाचून झालं की पत्र छतापासून लोंबणाऱ्या तारेला टोचायचं. जन्म, बारसं, मालाचा भाव, आजारपण, सगळं एका तारेवर. फक्त मरणाचं पत्र तारेला लागायचं नाही. त्याच्या माथ्यावर 'श्री' नसायचं, त्यावरून ते वाचायच्या आधीच ओळखू यायचं, आणि वाचून झालं की तू ते बारीक फाडून गटारात सोडून यायचीस. मग हात धुवायचीस.

मी कॉन्व्हेंटमधून घरी यायचे तेव्हा त्या तारेकडे न बघता आत जायचे. सिस्टरनी आम्हाला शिकवलं होतं की दुसऱ्याचं पत्र वाचणं म्हणजे चोरी. घरी तर सगळे चोरच, आणि कुणालाच पत्ता नाही.

सुनील मेलबर्नला गेला आणि तुझं सगळं अवघड झालं. फोनवर तू आधी रडायचीस, मग तो "आई, बिल वाढतंय" म्हणायचा, मग फोन संपायचा. त्यानंच मला सांगितलं, हिला ईमेल शिकव. तू दोन दिवस विचार केलास आणि ठेवणीतली इरकल नेसून तयार झालीस, बँकेत जाताना नेसायचीस तशी.

हिरेमठ सरांचं सायबर कॅफे बेकरीच्या वर होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. चपला दाराबाहेर काढायच्या, आत एसी, आणि प्लायवूडच्या केबिनना निळे पडदे. तू आत गेल्या गेल्या पडदा पार वर गुंडाळून खिळ्याला अडकवलास.

"अक्का, पडदा असू दे."

"कशाला? आत काय चोरी चाललीया?"

"आपलं लिहिलेलं दुसऱ्यांना दिसू नये म्हणून असतो तो."

"दिसलं तर काय हुतंय? लेकाला पत्र लिवाय लागलोय आपण. बघू देत की. हिरेमठ सर, या, बघा तुम्ही पण."

हिरेमठ सर खरंच आले. मी अंगठ्याकडे बघितलं.

तू सगळं मोठ्या अक्षरांत लिहायचीस. लॉरीनं जाणाऱ्या पार्सलांवर तू इंग्रजी लिहायला शिकली होतीस, त्यामुळे तुझ्या लेखी इंग्रजीला लहान अक्षरं नव्हतीच. मी म्हटलं, अक्का, ईमेलमध्ये सगळी मोठी अक्षरं म्हणजे ओरडणं असतं, लोकांना ते उद्धट वाटतं. तू चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस.

"किती लांब हाय तो! मग वरडूनच सांगाय नको?"

विषयाच्या जागेत काय लिहायचं यावरून तर आपली कितीदा जुंपली. आत काय मजकूर आहे ते थोडक्यात लिहायचं, असं मी सांगायचे. तू प्रत्येक वेळी तिथे 'श्री' लिहायचीस. सुनीलच्या पेटीत ओळीनं सगळी पत्रं श्री, श्री, श्री. त्याला तुझं कुठलंच पत्र परत सापडायचं नाही. आणि त्याचं पहिलं उत्तर आलं ते वर काहीही न घालता, 'हाय आई' असं. तू खुर्चीतून उठून उभी राहिलीस. तोंडाचा रंग गेला होता.

"अय्य, वर श्री न्हाई. कोण गेलं गं?"

"कुणी नाही गेलं, अक्का. तो बरा आहे. वाच तरी."

"आधी त्याला लिव, श्री घातल्याबिगार पत्र पाठवायचं न्हाई म्हणून. माझा जीव जातोय हितं."

मी लिहिलं. तोही नाइलाजानं घालायला लागला. मी मात्र घातलं नाही. अंधश्रद्धा म्हणून नव्हे. एका तरी गोष्टीत तुझं ऐकायचं नाही, एवढंच कारण.

पण तुझा खरा जीव जडला तो एक पत्र एकदम पुष्कळांना पाठवता येतं यावर. हे कळलं त्या दिवशी तू हिरेमठ सरांना बेकरीतून खारी आणून दिलीस. "म्हंजे तारच की ही!" म्हणालीस. "एकदा टोचलं की सगळ्यांनी वाचायचं." त्या दिवसापासून सुनीलचा खोकला निपाणीच्या काकूला कळायला लागला आणि काकूचं गुडघ्याचं दुखणं मेलबर्नला. नात्यात ज्याच्या ज्याच्या पोरानं ईमेल काढला होता त्या सगळ्यांचे पत्ते तू जमवलेस. मी सांगत राहिले, ज्याचं त्याला पाठव, सगळ्यांना सगळं पाठवायचं नसतं. तू मान हलवायचीस. भाव करणाऱ्या गिऱ्हाइकासमोर हलवायचीस तशी.

आणि मग निपाणीचं स्थळ.

तुला तो दिवस आठवत असेल. मुलगा, त्याचे आईवडील आणि निपाणीची काकू, जिनं हे स्थळ आणलं होतं. मुलानं चहाचा कप खाली ठेवून मला विचारलं, "आमच्या दुकानात काउंटरवर बसाल का?" प्रश्न साधा होता, त्याचा सूरही चांगला होता. मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "बसंल की." काकू म्हणाली, "दुकानातच वाढलीय ती." तू म्हणालीस, "हिशेबाला पक्की हाय." सगळे खूश झाले. मी काहीच बोलले नव्हते हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मुलाच्याही नाही.

त्या आठवड्यात घरात बस्त्याची बोलणी सुरू झाली. मी अप्पांसमोर उभी राहायचे आणि परत फिरायचे. तेव्हा धारवाडच्या एका ऑफिसात मला नोकरी मिळण्यासारखी होती. तेही पोटातच. शेवटी मला येत होतं ते मी केलं. तुला सायबरला घेऊन गेले, तुला एका केबिनमध्ये बसवलं, शेजारच्या केबिनमध्ये जाऊन पडदा ओढला आणि तुला ईमेल लिहिला. इंग्रजी अक्षरांत, आपल्या मराठीत.

"अक्का, मला निपाणीचं स्थळ नको. मुलगा वाईट नाही. पण त्यानं मला विचारलं आणि उत्तर तुम्ही सगळ्यांनी दिलं. मी अजून दिलेलं नाही. मला नोकरी करायची आहे. अप्पांना तू सांग. मी लिहिलंय म्हणून सांगू नकोस."

प्लायवूडच्या पलीकडून तुझा आवाज आला. "पुट्टी! मला पत्र आलंय गं! कुणाचं बघ... अय्य! तुझंच की!"

सगळं सायबर हसलं. मग तू वाचायला लागलीस, नुसते ओठ हलवत. आपण घरी निघालो. कोपऱ्यावर मोगऱ्याचा गजरा घेतलास आणि अर्धा तोडून मला दिलास. मला वाटलं, हिला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला काहीतरी सांगितलं आणि ते कळलं.

दुसऱ्या दिवशी तू एकटी सायबरला गेलीस आणि माझं पत्र, जसंच्या तसं, सगळ्यांना पुढे पाठवलंस. सुनीलला, निपाणीच्या काकूला, आणि त्या मुलालाही. माझी माहिती त्याला तूच पाठवली होतीस, त्यामुळे त्याचा पत्ता तुझ्याकडे होताच. विषय, श्री.

संध्याकाळी काकूचा फोन आला. रिसीव्हर अप्पांच्या कानाला होता तरी तिचं बोलणं मला जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. अप्पा नंतर किती तरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाढलेलं ताट पुढे सरकवायचे, पण नजर भिंतीवर. माझ्या आईनं मला विचारलं ते एवढंच, "लिहायच्या आधी मला सांगायचं न्हाई?" टेलरमास्तरांनी दुकानात येऊन खालच्या आवाजात माझं अभिनंदन केलं. तुला कल्पना आहे का, अक्का, टेलरमास्तरांनी अभिनंदन केल्यावर मला कसं वाटलं असेल?

मी तुला दुकानात गाठलं. तू गल्ल्यामागे बसून कसुतीचं भरतकाम करत होतीस. तुळशीवृंदावन होतं ते, हिरव्या खणावर.

"ते पत्र माझं होतं, अक्का."

"तुझं कसं? माझ्या नावानं आलंतं न्हवं?"

"तुझ्या एकटीसाठी होतं."

"एकटीसाठी पत्र असतंय होय? पत्र घराचं असतंय."

"मी लिहिलं होतं, माझं नाव सांगू नकोस म्हणून."

"मग कुणाचं सांगायचं? मी एकटीनं सांगितलं असतं तर तुझा अप्पा म्हणाला असता, अक्काच्या डोक्यातलं खूळ हाय हे. तुझं लिवलेलं सगळ्यांनी वाचलं म्हणून खरं झालं ते." सुई खुपसून तू खण माझ्यापुढे उलटा धरलास. "हे बघ. गाठ हाय कुठं? ही बाजू बघ, ती बाजू बघ. सारखंच. असं असाय पायजे माणसानं."

"मी कसुती नाही, अक्का. मला उलटी बाजू आहे. ती माझी आहे."

तू खण गुडघ्यावर ठेवलास. मग म्हणालीस, "स्थळ मोडलं का न्हाई?"

"मोडलं."

"नोकरीला अप्पा जा म्हणाला का न्हाई?"

"म्हणतील बहुतेक."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर मला त्या दिवशी आलं नाही. अजूनही येत नाही, आणि त्याचाच मला फार त्रास होतो. तुझं गणित बरोबर होतं. माझं काम झालं होतं. पण मी मागितलेली गोष्ट ती नव्हतीच. मी एक गोष्ट हळू आवाजात सांगून बघत होते, की हळू आवाजात सांगितलेलं जगात चालतं का. तू ती वरडून सांगितलीस, आणि मला कळलं की चालत नाही.

मी तुला शिकवणं बंद केलं. मला त्याचं वाईट वाटत नाही, आजही नाही. तू दोनदा विचारलंस, "जाऊया काय गं सायबरला?" मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. मग विचारायचं थांबलीस.

मी धारवाडला जायला लागले. सकाळची बस, संध्याकाळची बस. ऑफिसात मला माझा कॉम्प्युटर होता, आणि माझ्या खुर्चीची पाठ भिंतीला होती, म्हणजे मी काय लिहिते ते कुणाला दिसायचं नाही. तिथे मी सुखी होते. घरी आपण बोलायचो, नाही असं नाही. भाजी काय, फॉलचा माल आला का, शेजारच्या सुनेचं काय झालं. पण दोघींच्या मध्ये ते भांडण दुकानातल्या मांजरासारखं बसलेलं असायचं. कुणी हाकलत नव्हतं, कुणी जवळही घेत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस ऑफिसात मला तुझा ईमेल आला. "शेंगाची चटणी केली आहे. निळ्या झाकणाच्या डब्यात ठेवली आहे. घे." बस, एवढंच. मी चिडले. एका घरात राहतो, एका ताटलीत जेवतो, आणि चटणी केली हे सांगायला ही बाई बेकरीच्या वर जाऊन ईमेल करते! मी उत्तर पाठवलं नाही. घरी आले, निळ्या झाकणाचा डबा काढला, गरम भाकरीबरोबर चटणी खाल्ली. तू समोर बसून बघत होतीस.

"पोचलं काय पत्र?"

"पोचलं."

"हां," म्हणालीस आणि उठून गेलीस. मला वाटलं, चटणी बरी झालीय का ते विचारशील. विचारलं नाहीस.

तू गेलीस तेव्हा दुपार होती. तू बटणांचे डबे रंगांप्रमाणे लावत होतीस, आणि पांढऱ्या बटणांपाशी काम अर्धं राहिलं. यापुढे मला लिहिता येत नाही.

नातेवाइकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. अप्पा शेजारी बसले. "वर श्री घालू नको," म्हणाले. मी मान हलवली. मी कधी घातलंच नव्हतं, अक्का. तुझ्या हिशेबानं माझी आजवरची सगळी पत्रं मरणाचीच. पाठवून झालं तरी अप्पा उठेनात.

"असलं पत्र फाडायचं असतंय. ह्याच्यात कसं फाडत्यात?"

"पुसून टाकायचं. डिलीट."

"मग टाक."

मी टाकलं. अप्पांनी जाऊन हात धुतले.

तर, पासवर्ड. तेराव्यानंतर सुनील परत गेला आणि तिथून त्याचे ईमेल सुरू झाले. मला एकटीला नाही. सगळ्यांना. तुझ्या तारेवर सगळं घर शिकलंय. "आईच्या पेटीत काय आहे ते बघायला पाहिजे. पुष्कळ दिवस कुणी उघडली नाही तर कंपनी ती पुसून टाकते. घाई करा." निपाणीची काकू पोराकडून लिहवून घेते, "आम्हालाही वाचायचं आहे, सगळ्यांना पाठवा." कुणी लिहितं, "पुट्टी मनावर घेत नाही." हे मला सोडून नव्हे, मलाही पाठवलेलं. रोज ऑफिसात पेटी उघडली की त्यांचं माझ्याबद्दलचं बोलणं, माझ्यादेखत. मी स्क्रीनसमोर बसून अंगठ्याकडे बघते.

शेवटी मी हिरेमठ सरांकडे गेले. वाटलं, त्यांनीच बदलून दिला असेल. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"ना येन् माडिल्लमा," कानडीत म्हणाले, म्हणजे मी काही केलं नाही. मग मराठीत, "अक्कांनी स्वतःच केलं. मला एवढंच विचारलं, कुलूप बदलायचं कुठनं. मी बोट दाखवलं तर म्हणाल्या, आता तुम्ही तिकडं बघा."

"एकट्याच यायच्या?"

"एकट्याच. दर गुरुवारी. ती कोपऱ्यातली केबिन त्यांची." मग ते म्हणाले, "पडदा ओढून बसायच्या."

मी त्या केबिनमध्ये गेले. निळा पडदा अर्धवट ओढलेला होता. जिथे तू पहिल्या दिवशी तो अडकवला होतास तो खिळा रिकामा होता.

तिथे बसून मी माझी पेटी उघडली आणि तुझा चटणीचा ईमेल काढला. पहिल्यांदा नीट बघितला. सगळी अक्षरं लहान. विषयाच्या जागेत श्री नव्हतं, 'चटणी' होतं. श्री आत, मजकुराच्या माथ्यावर होतं, कारण ते तू सोडणार नव्हतीस. आणि जिथे तुझी नावांची आगगाडी असायची तिथे एकच नाव होतं. माझं.

तू शिकली होतीस गं. सगळं शिकली होतीस. आणि मला ते चटणीएवढ्या आवाजात सांगितलंस.

माझ्याकडे किल्ली आहे, अक्का. हे तुला ठाऊक नव्हतं. तुझी पेटी तयार करताना मी एक गुपित प्रश्न घालून ठेवला होता, पासवर्ड विसरलाच तर कंपनी तो विचारते. तुझं आवडतं काम कोणतं? उत्तरही मीच दिलं होतं. त्या केबिनमध्ये मी तो प्रश्न समोर आणला. चौकट रिकामी, कर्सर लुकलुकतोय. एक शब्द लिहायचा की सगळं उघडं. सुनीलला काय लिहून अर्धं ठेवलंस ते. कुणाकुणाला काय सांगितलंस ते. माझ्याबद्दल काही असेल तर तेही. मला बघायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मग मला तू आठवलीस, हिरेमठ सरांना "तिकडं बघा" म्हणणारी.

मी ते पान बंद केलं. सुनीलचा शेवटचा ईमेल उघडला आणि सगळ्यांना उत्तर द्यायचं बटण दाबलं. ते बटण मी जन्मात दाबलं नव्हतं. सगळी नावं ओळीनं आली, निपाणीपासून मेलबर्नपर्यंत. मी लिहिलं, सगळी मोठी अक्षरं, कारण सगळे फार लांब आहेत.

"अक्काची पेटी मी उघडू शकते. उघडणार नाही. कुणाला उघडूही देणार नाही. तिनं कुलूप स्वतः बदललं होतं. पुसली जाईल तर जाऊ दे. मरणाचं पत्र आपण फाडतोच."

खाली माझं नाव लिहिलं. घरातलं नव्हे, पूर्ण. पाठवून मागे वळले तर हिरेमठ सर गल्ल्यावरून बघत होते. मी पडदा ओढलाच नव्हता. बघू देत.

घरी गेले तर अप्पांना आधीच कळलं होतं. काकूचा फोन येऊन गेला होता. मी जिन्यात उभी राहिले. अप्पांनी ताट पुढे सरकवलं आणि यावेळी माझ्याकडे बघितलं. "वरडलीस म्हणं," म्हणाले. मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "बस. जेव."

म्हणजे तुझंच खरं झालं. सगळ्यांसमोर लिहिलं म्हणून ते खरं झालं. आणि ते मी लिहिलं ते तुझा पडदा राखायला, म्हणजे माझंही खरं झालं. आता यात कोण जिंकलं ते सांगायला तू हवी होतीस. माझा संताप संताप होतो, अक्का, तू नेमकी आत्ता इथे नाहीस. "मग?" असं आता मला म्हणायचं होतं.

काल सुनीलचा ईमेल आला. एकट्या मला. बाकी कुणाचं नाव नाही.

"बरोबर केलंस. मला फक्त एक सांग. गेल्या वर्षात आईनं मला फार कमी लिहिलं. मीही उत्तरं वेळेवर दिली नाहीत. तुला तरी काही लिहायची का?"

तो तुझी पेटी का मागत होता ते मला तेव्हा कळलं.

दिवसभर मी त्याला उत्तर दिलं नाही. तुझा ईमेल त्याला पुढे पाठवणं एका बोटाचं काम होतं. पाठवला नाही. तो माझा आहे. पण त्यात काय होतं ते सांगता येईल. निळ्या झाकणाचा डबा, गरम भाकरी, तू समोर बसून बघत होतीस ते, "पोचलं काय पत्र?" असं विचारलंस ते. डबा अजून फडताळात आहे. तळाला थोडी उरली आहे, ती मी कुणाला काढू देत नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ऑफिसात लिहायला बसले. त्याचं नाव घातलं, एकट्याचं. विषय, चटणी. मग मजकुराच्या चौकटीत आले, आणि सुरुवात करायच्या आधी एक ओळ सोडून माथ्यावर, मधोमध, लिहिलं.

श्री.